साडेसहाच्या गाडीची न्याहारी

सकाळी सव्वासहाला कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवर जाऊन बघा. पेपरांचे गठ्ठे सुटत असतात, कॅन्टीनमध्ये चहाचं आधण उकळत असतं, मुक्कामी गाड्या एकेक करून फलाटाला लागत असतात. आणि फलाटावर आपल्या बायका! कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, कुणी ग्रामीण रुग्णालयात नर्स, कुणी बँकेत, कुणी पंचायत समितीत, कुणी शेजारच्या मोठ्या गावात कापडाच्या दुकानात. अप-डाउन करणाऱ्या. केस अजून ओले, खांद्याला पर्स, हातात पिशवी. पिशवीत दुपारचा डबा आहे, पाण्याची बाटली आहे, छत्री बारा महिने आहे. घरी ओट्यावर नवऱ्याच्या चपात्या-भाजी, मुलांचे दोन-दोन डबे, सासऱ्यांची पथ्याची भाकरी झाकून ठेवली आहे. एवढं सगळं सहाच्या आत उरकून आलेल्या बाईला विचारा, 'तू काय खाल्लंस गं?' उत्तर ठरलेलं. 'चहा घेतला ना!'

मैत्रिणींनो, चहा घेतला म्हणजे खाल्लं, असं कधीपासून झालं?

जरा हिशेब मांडूया. रात्रीचं जेवण नऊला. दुपारचा डबा उघडणार दीडला. मधले तास मोजले तर साडेसोळा होतात. त्यात पहाटे साडेचारपासून दीड तास उभ्याने काम, तासभर एसटी, पुढे वडापची जीप, मग शाळेची चढण. चतुर्थीचा उपास करणारी बाईसुद्धा दिवसभरात यापेक्षा जास्त खाते!

गंमत बघा. शाळेतल्या पोषण आहाराची चव मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी घ्यायची, असा नियम आहे. माझ्या ओळखीच्या एक बाई हसत म्हणाल्या, 'ताई, ती खिचडीची चव हीच माझी न्याहारी.' त्या हसल्या, पण मला काही हसू आलं नाही.

आमच्या महिला मंडळाने कराडात हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर घेतलं होतं. मी नाव-पत्ता लिहून घ्यायला बसले होते. फॉर्मवर नव्हता तो एक प्रश्न मी आपला वरून विचारत होते, 'सकाळी काय खाता?' नोकरी करणाऱ्यांची आणि घरी असणाऱ्यांची उत्तरं वेगळी असतील, असं मला वाटलं होतं. तशी ती नव्हती. फरक एवढाच, की घरातली बाई दहा वाजता सगळ्यांचं आटोपलं की उरलेले पोहे तरी तोंडात टाकते. अप-डाउनवालीला ते उरलेलेही मिळत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा 2019-21 चा पाचवा अहवाल सांगतो, की महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. आधीच्या, 2015-16 च्या पाहणीत हा आकडा 48 होता. म्हणजे वाढलाच! गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. जिना चढताना धाप लागणं, केस गळणं, संध्याकाळी अंगात त्राण नसणं, सगळ्यांवर विनाकारण खेकसणं, या सगळ्याला आपण 'दगदग' म्हणतो आणि सोडून देतो. नुसत्या न्याहारीने रक्त वाढेल असं मी म्हणणार नाही. त्यासाठी तपासणी हवी, डॉक्टर सांगतील तशा लोहाच्या गोळ्या हव्यात. त्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. पण रिकाम्या पोटी चहा आणि वर कॅन्टीनचा आणखी एक चहा, याने त्या गोळीचंही मातेरं होतं. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. म्हणून चहा आणि खाणं यांच्यात तासाभराचं अंतर ठेवावं. आपल्या बाबतीत हे सोपंच आहे. चहा पाच वाजता होतो, मग गाडीत बसल्यावर खा!

'गाडीत? लोक काय म्हणतील?'

खरी अडचण इथं आहे. वेळेची सबब सगळ्या सांगतात, पण जरा खोलात गेलं की कळतं. चारचौघांत, पुरुषांच्या समोर, तोंड हलवायला बाईला संकोच वाटतो. शेजारचा पुरुष वडापावचा कागद चुरगाळून खिडकीबाहेर टाकतो, त्याला काही वाटत नाही. आपल्याला मात्र डबा उघडला की सगळी गाडी आपल्याकडेच बघतेय असं वाटतं. अहो, कुणी बघत नाही! सकाळच्या गाडीत निम्मी माणसं झोपलेली असतात आणि उरलेली मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली.

दुसरी अडचण बायकाच जाणतात. खाल्लं की पाणी लागतं, पाणी प्यायलं की मग जायचं कुठं? स्टँडवरच्या स्वच्छतागृहांबद्दल मी काही लिहायला नको. म्हणून पाणीच न पिणाऱ्या, आणि मग लघवीच्या जळजळीने बेजार झालेल्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. हा प्रश्न डब्याने सुटणारा नाही. स्टँडवर वाहतूक नियंत्रकांकडे तक्रार पुस्तक असतं, त्यात लिहा. एकटीने नाही, पाच-सहा जणींनी लिहा, तारीख घालून लिहा. आणि उठल्या उठल्या दोन भांडी पाणी प्यायलं तर निघायच्या आधी मोकळं होता येतं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

राहता राहिला खाण्याचा प्रश्न. आपल्या आज्या-पणज्या हा प्रश्न केव्हाच सोडवून बसल्या होत्या. बैलगाडीने माहेरी जायचं, पंढरीला जायचं, तर फडक्यात शिदोरी बांधलेली असायची. भाकरी, खर्डा, कांदा. लांबचा पल्ला असेल तर दशम्या. पीठ पाण्यात न भिजवता दुधात भिजवायचं, म्हणजे प्रवासात चालतं आणि मऊही राहतं. आम्ही शिकलो-सवरलो, नोकरीला लागलो आणि फक्त दुपारचा डबा तेवढा शिल्लक ठेवला. त्याची तर केवढी व्यवस्था! मुंबईत दुपारच्या डब्यासाठी 1890 पासून डबेवाले आहेत. डेक्कन क्वीनने जाणाऱ्यांना डायनिंग कारमध्ये टेबलाशी बसून ऑम्लेट मिळतं. आमच्या पाटणच्या गाडीला कुठली डायनिंग कार! तिथं आपली आपणच सोय केली पाहिजे.

एसटीत काय खाता येईल याचा विचार ओट्याशी उभं राहून करू नका, सीटवर बसून करा. एक हात बारला धरायला लागतो. रस्त्यावर खड्डे आहेत. ड्रायव्हर ब्रेक कधी दाबेल ते देवालाही ठाऊक नाही. तेव्हा ज्याला चमचा लागतो, तो पदार्थ बाद! इथं आपले लाडके पोहे आणि उप्पीट, दोन्ही गारद होतात. पोहे तासाभरात वातड होतात, उप्पिटाचा गोळा बसतो, आणि शिवाय साडीवर सांडतात. मोड आलेल्या मटकीची उसळ सगळ्यात पौष्टिक, पण ती शाळेत पोचल्यावर. राजगिऱ्याचा लाडू सुद्धा मी गाडीत खायला सांगणार नाही. पहिला घास घेतला की निम्मा लाडू पदरात! तो उपासाच्या दिवशी, खाली उतरल्यावर. गाडीत उपासाला खजूर आणि भाजलेले शेंगदाणे बरे. उपास म्हणजे दिवसभर चहा, हे काही कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही.

दशमीने सुरुवात करा. एक वाटी कणीक, एक वाटी ज्वारीचं पीठ, चवीपुरतं मीठ, दोन चमचे तुपाचं मोहन. अर्धी वाटी किसलेला गूळ कोमट दुधात विरघळवून, गाळून घ्यायचा आणि त्याच दुधात पीठ घट्टसर मळायचं. पाण्याचा थेंब लावायचा नाही. तळहाताएवढ्या, जरा जाडसर लाटायच्या आणि मंद आचेवर तूप सोडून भाजायच्या. आच मोठी झाली तर गुळाने लगेच करपतात, तेवढं सांभाळा. थंडीच्या दिवसांत दोन दिवस सहज राहतात, उन्हाळ्यात मात्र रोजच्या रोज. रात्री जेवणाचं उरकलं की सकाळच्या आठ दशम्या पंधरा-वीस मिनिटांत होतात. दोन दशम्या आणि मूठभर शेंगदाणे खाल्ले, की दुपारपर्यंत भुकेची आठवण येत नाही. शेंगदाण्याला गरिबांचा बदाम म्हणतात ते उगीच नाही. तीसेक ग्रॅम शेंगदाण्यात सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे एका अंड्याहून जरा जास्तच.

गोड नको असेल त्यांना धपाटे. ज्वारी, बेसन, थोडी कणीक, त्यात लसूण, जिरं, कोथिंबीर, मेथी हाताशी असेल तर मेथी. इथं एक युक्ती आहे. पीठ भिजवताना किसलेला दुधी किंवा काकडी घाला आणि दोन चमचे दही घाला, म्हणजे धपाटं गार झाल्यावरही चामड्यासारखं होत नाही. सोलापुरी शेंगाचटणी पसरायची, सुरळी करायची, खालचं टोक कागदात गुंडाळायचं. हाताला तेल नाही, सांडणं नाही. मुगाच्या डाळीचं धिरडंही असंच सुरळी करून नेता येतं. डाळ रात्री भिजत घातली की झालं. वरून लिंबू पिळा. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वाने डाळीतलं, मेथीतलं लोह अंगी लागतं. एवढ्याशा लिंबाचं केवढं काम!

कागदात म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदात नव्हे बरं का. हे वर्तमानपत्रातच लिहितेय, तरी लिहितेय! छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थाला लागते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये याबद्दल इशारा दिला आणि 2018 च्या नियमांत अन्न वर्तमानपत्रात बांधायला बंदीच घातली. सुती फडकं सगळ्यात चांगलं, रोज धुता येतं. नाहीतर चपटा स्टीलचा डबा.

आणि गरम गरम डब्यात भरून झाकण लावू नका. बहुतेक तक्रारी इथंच होतात. 'गाडीत उघडलं तर नुसता वास!' का येणार नाही? आत वाफ कोंडते, झाकणाला घाम सुटतो, तेच पाणी खाली पडतं आणि पदार्थ आंबतो. जाळीवर किंवा फडक्यावर पसरून पाच-सात मिनिटं निवू द्या. तेवढ्यात वेणी होते. ओल्या नारळाची चटणी तर एप्रिल-मेमध्ये गाडीत नेऊच नये. इडली न्यायची असेल तर छोट्या इडल्यांना दोन चमचे गरम तेलात कालवलेली डाळ्याची कोरडी चटणी चोळायची. एकेक उचलून तोंडात टाकता येते, सांबाराची आठवणसुद्धा होत नाही.

उकडलेलं अंडं गुणी आहे, पण गाडीत सोललं की वासाने शेजारची नाक मुरडते, कधीकधी उठूनही जाते. अंडं टरफलासकट न्या आणि उतरल्यावर सोला. केळ्याला तर देवानेच वेष्टन दिलं आहे. फक्त ते पर्समध्ये टाकू नका, वह्यांखाली चेपतं, डब्यातच ठेवा. साल पिशवीत, खिडकीबाहेर नाही.

काही जणींना सकाळी घासच गिळत नाही. पोटात कालवतं, घाटात गाडी लागते. त्यांनी तेलकट, गोड टाळावं. जिभेवर आलेपाकाची वडी ठेवावी आणि तासाभराने नाचणीची आंबील प्यावी. दोन चमचे नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं. सकाळी कपभर पाणी उकळून त्यात ओतायचं, गुठळी न होऊ देता शिजवायचं. गार झालं की आणखी ताक, मीठ, जिरेपूड. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरलं की झालं. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. चाळिशी ओलांडलेल्या गुडघ्यांना त्याची फार गरज असते, हे मी अनुभवावरून सांगते!

वडापावाबद्दल कुणी विचारेलच. वडापाव हे मुळात प्रवाशांचं, कामगारांचं खाणं. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला, असं मानलं जातं. एका हातात मावतो, सांडत नाही, चमचा लागत नाही. एसटीच्या परीक्षेत पहिला नंबर! माझा त्याच्यावर राग नाही. आठवड्यातून एकदा खुशाल खा. पण रोज मैद्याचा पाव आणि तळणीच्या तेलातला बटाटा म्हटलं, की दहा वाजता जळजळ आणि अकरा वाजता परत भूक.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'ताई, हे सगळं करायचं कुणी? आधीच साडेचारला उठतेय, आता चारला उठू?' हा प्रश्न अगदी रास्त आहे. कुणीही आणखी लवकर उठू नये. याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. ते पाटणच्या गाडीत मिळालं.

या गाडीने पाच शिक्षिका रोज जातात. पाचही जणींचं उपाशीपोटी चाललं होतं. त्यातल्या एकीला उभ्याने प्रवास करताना भोवळ आली. तिला खाली बसवलं, कुणीतरी पर्समधलं चॉकलेट दिलं. त्या दिवशी परतीच्या गाडीत या पाच जणींनी एक भिशी सुरू केली. पैशांची नाही, न्याहारीची! सोमवारी एकीने पाच जणींचं आणायचं, मंगळवारी दुसरीने. आठवड्यातून एकच दिवस करायचं आणि चार दिवस आयतं खायचं. एकीसाठी दोन धपाटी करायला जेवढा पसारा लागतो, तेवढ्यातच दहा होतात. शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी भिशीला सुट्टी. जिने तिने आपलं केळं आणायचं.

ऐकायला सोपं वाटतं, पण पहिले पंधरा दिवस सोपे नव्हते. एकीला कांदा-लसूण चालत नाही. एकीचा सोमवार, दुसरीचा गुरुवार. शिवाय 'कुणाच्या हातचं' हा प्रश्न होताच, आपण तो कितीही नाकारला तरी. एकीच्या सासूबाईंनी स्पष्ट विचारलं, 'त्या पाच जणी कोण कोण आहेत?' सुनेने सगळ्यांची नावं सांगितली, आडनावं सांगितली नाहीत. सासूबाई काय समजायचं ते समजल्या. पण पुढच्या सोमवारी त्यांनीच पाच जणींच्या दशम्या बांधून दिल्या. सून लाटत होती आणि त्या भाजत होत्या.

आणखी एक झालं, ते मला फार आवडलं. बुधवारवालीच्या घरी सकाळी पाणी नव्हतं, तिची धांदल उडाली. नववीतल्या मुलाने विचारलं, 'मी काय करू?' तिने त्याला शेंगदाणे भाजायला बसवलं. आता मंगळवारी रात्री शेंगदाणा-तिळाचे लाडू वळायचं काम त्याच्याकडे आहे. दोन वाट्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट, अर्धी वाटी भाजलेले तीळ, वाटीभर चिरलेला गूळ, सगळं मिक्सरमधून एकदा फिरवायचं की शेंगदाण्याच्या तेलानेच वळता येतात. तूपही लागत नाही. पहिल्या वेळी एक लाडू लिंबाएवढा आणि एक चेंडूएवढा झाला होता. गाडीतल्या मावशींनी दोन्ही खाल्ले.

17 मार्च 2023 पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट लागतं. तेव्हापासून गाड्यांमध्ये बायकांची गर्दी वाढली, हे रोज जाणाऱ्या कुणीही सांगेल. तिकिटात वाचलेल्या पैशांचं काय होतं असं मी या पाच जणींना विचारलं. ते घरखर्चात जिरतात, दुसरं काय! पण भिशीवाल्या त्यातले महिन्याला शंभर-शंभर रुपये बाजूला काढतात. त्यातून शेंगदाणे, गूळ, नाचणी एकदम आणतात आणि पाच जणींत वाटून घेतात.

परवा मी त्यांच्याबरोबर पाटणपर्यंत गेले. शुक्रवार होता, मुगाची धिरडी होती. विहे मागे पडलं तसा डबा फिरला. कंडक्टर तिकिटं देत मागे आले. त्यांनाही एक सुरळी मिळाली, ती त्यांनी आधी कानाला पेन लावून, मग खाल्ली. शुक्रवारवालीने मीठ जरा कमी घातलं होतं. त्यावरून मल्हारपेठपर्यंत वाद चालला होता.